दुपारचा पहारा

ता. २८ मार्च १९४६, गुरुवार, सातारा

आले : रेशनचे जोंधळे — एक रुपया सहा आणे. गूळ अर्धा शेर — तीन आणे. चहाची लहान पुडी — दोन आणे. वातींचा कापूस — एक पैसा. उमाचे कार्ड, सांगलीहून — तीन पैसे, ते तिचे.

चहाची पुडी उगीच आणली. यांनी दुपारचा चहा सोडला आहे. "पित्त होतं" म्हणाले. लग्न झाल्यापासून यांच्या तोंडी पित्ताचे नाव ऐकले नव्हते.

उमा लिहिते, वैशाखात चार दिवस येते. इथे माहेरी, माझ्या दादाकडे नाही, तुझ्याकडेच उतरणार. शाळेत असताना यवतेश्वराला गेलो होतो तशा दोघी चालत जाऊ. मॅट्रिकच्या वर्षी आम्ही देवाला काय मागितले होते ते तिला अजून आठवते. मला आठवत नाही.

कार्ड देवांच्या तसबिरीमागे ठेवले. उत्तर सवडीने.

ता. ३० मार्च, शनिवार

मारुतीला तेल वाहिले. तिथे उभी राहिले आणि मनात नको ते आले.

लढाईसाठी भरतीची कचेरी उघडली तेव्हा यांना तिथे कारकुनी मिळाली. खेड्यापाड्यांतून पोरे यायची, हे त्यांची नावे लिहायचे. लढाई संपावी म्हणून मी दोन वर्षे शनिवार केले. मारुतीने ऐकले. लढाई संपली, आणि फेब्रुवारीअखेर कचेरीला कुलूप लागले. आता तक्रार कुणाकडे करायची?

कुणी विचारले तर मी "रजेवर आहेत" म्हणते. पहिल्यांदा समोरच्या मनूताईंनी विचारले, तेव्हा तोंडातून सहज गेले. आता तेच धरून बसले आहे.

यांचे म्हणाल तर, उजाडायच्या आत हौदावर अंघोळ उरकतात, म्हणजे कुणी भेटायला नको. मग दिवसभर आतली खोली. दाराशी कुणाची हाक आली की परसात. पूर्वी रोज संध्याकाळी देवळाच्या पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. भोवती पंधरा-वीस माणसे. मधेच थांबून असे काही बोलायचे की हशा इथवर ऐकू यायचा. आता घरात वाचतात, तेही मनात. पान उलटल्याचा आवाज तेवढा येतो.

ता. ३ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. कलश यांनीच बांधला आणि लगेच आत आले.

कडुनिंबाची चटणी दोनदा मागून घेतली. गोड नको म्हणाले.

ता. ६ एप्रिल, शनिवार

आज एक काम केले. बरे की वाईट, ते मारुतीला ठाऊक.

चंद्राबाई सकाळी दूध घालायला आली ती उंबऱ्याशी टेकलीच. देवळामागची बाग राखणारे तात्याबा माळकरी तिचे सासरे. बुधवारपासून देवळात नामसप्ताह बसतो आहे, सगळी तयारी त्यांच्याच अंगावर.

"रातचं पहारं कवाच भरलं, वैनी. सांजचं बी. दुपारी बारा ते दोन तेवढं कुनी न्हाई. ज्यो त्यो आपल्या कामाव."

"मग त्या वेळी कोण?"

"कोन म्हंजी? मामंजी हाईतच. धाच्या पहाऱ्याला बी त्येच, बाराला बी त्येच. म्या म्हनलं, मामंजी, वय झालं. तर म्हनत्यात, ईनंला म्हाईत हाय व्हय माजं वय?"

सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे. गळ्यात वीणा, तोंडात नाम, आणि उभे राहायचे. पुढचा आला की त्याच्या गळ्यात घालायची. तो आला नाही तर आहे तो तसाच उभा.

बारा ते दोन. त्या वेळी हे खोलीत पाठीवर पडून आढ्याकडे बघत असतात. मी पलीकडे तांदूळ निवडते, आणि दोघांनाही वाटते की दुसऱ्याला झोप लागली आहे.

रुईची माळ घालायला देवळात गेले. देवळाची व्यवस्था बघणारे आप्पासो खडूने पहाऱ्याची पाटी लिहीत होते. म्हटले, दुपारच्या पहाऱ्याला यांचे नाव घाला. आप्पासो म्हणाले, "रजेवरच हाईत न्हवं पंत? मग झकास झालं." आणि मोठ्या अक्षरांत लिहिले — गंगाधरपंत.

घरी सांगितले नाही. उद्या सांगेन.

ता. ७ एप्रिल

नाही सांगितले.

ता. ९ एप्रिल, मंगळवार

सांगितले. वाढता वाढता सांगितले, म्हणजे उठून जाता येऊ नये.

ओरडले असते तर बरे झाले असते. घास तसाच ठेवून हळू बोलले. "भर दुपारी देवळात कोण उभा राहतो, माहीत आहे? ज्याला कुठं जायचं नसतं तो. मी घरात लपवून ठेवलं होतं, ते तू पाटीवर लिहून दिलंस."

मी म्हटले, देवाचे काम आहे.

"देवाला सांग मी रजेवर आहे म्हणून."

आणि हात धुऊन उठले. त्यांच्या पानातली भाकरी गाईला घातली.

ता. १० एप्रिल, बुधवार

सप्ताह बसला. पहाटेपासून टाळ ऐकू येत होते. बारा वाजले. हे खोलीत. मी पलीकडे तांदूळ निवडत बसले.

दोनच्या सुमारास राहवेना, देवळात गेले. वीणा तात्याबांच्याच गळ्यात. दहा वाजता घेतलेली. दोनचा पहारा शिंप्याचा, तो बाजाराला गेलेला, त्याचाही पत्ता नाही. म्हातारा खांबाला खांदा लावून उभा. नाम चालू, पण धोतराच्या निऱ्या हलत होत्या. वारा नव्हता. पाय थरथरत होते.

"तात्याबा, घटकाभर बसा तरी."

नाम न सोडता मान हलवली. मग दोन नामांच्या मधे म्हणाले, "ईना घिऊन बसत न्हाईत, वैनी. येत्याल पंत. काय घाई न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. न विचारता नाव दिले मी, आणि भोगणार हा देवमाणूस. मीच वीणा घ्यावी असे वाटले. पण इथे बायकांनी घेतलेली कधी पाहिली नाही. हात पुढे झाला नाही.

घरी आले. दारातूनच म्हटले, "तात्याबा दहापासून उभे आहेत. तुमची वाट बघताहेत."

हे भिंतीकडे वळले.

धुतलेले धोतर आणि उपरणे खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले आणि घागर घेऊन हौदावर गेले. मुद्दाम उशीर लावला. भरलेली घागर ओतून पुन्हा भरली. परत आले तर उंबऱ्यावर धोतर नव्हते. खोलीत हेही नव्हते.

दिवे लागल्यावर आले. शिंपी आलाच नाही म्हणे, आणि चारचा गडी सहाला उगवला. बसले आणि म्हणाले, "पाय दुखतात गं."

इतक्या दिवसांत काही दुखते आहे असे पहिल्यांदाच बोलले. कढत पाणी दिले, खोबरेल लावले. एक भाकरी जास्त खाल्ली.

ता. १२ एप्रिल, शुक्रवार

आज दुपारी मी आठवण करून दिली नाही. पावणेबाराला स्वतःच उठले.

जेवताना सांगत होते. पहारा संपला की लगेच निघून यायचे असे ठरवले होते, पण तात्याबांचा धाकटा मुलगा जोतीराम वाटेत आडवा आला. चंद्राबाईचा दीर. इटलीहून परत आला आहे आणि आता तोही घरीच. यांना वाटले, संपले. भरतीला आलेल्या पोरांना तोंड दाखवायला हे सर्वांत भीत होते. त्यातली सगळीच काही परत आली नाहीत.

जोतीरामने सलाम ठोकला आणि म्हणाला, "सायेब, वळख हाय का? माजं नाव तुमीच लिवलं व्हतं. लिवता लिवता मला इचारलासा, पवता येतं का रं? म्या म्हनलं, कृष्णंत पवतो. तुमी म्हनलासा, मग समुद्राला भिऊ नगंस. आवं, बोटीत समदी वकत व्हती, आन् मी आपला त्येवढंच घोकत बसल्यालो."

"मला यातलं काही आठवत नाही," हे म्हणाले. मग बराच वेळ भात कालवत राहिले. "मी एवढं बोलायचो?"

बोलायचात हो. मी मनात म्हटले.

जोतीराम यांना म्हणाला, आता आपन दोगंबी पेन्शनीत, सायेब — फकस्त पेन्शन न्हाई. हे सांगताना ओठाच्या कडेला हसू आले होते. मी पाहिले नाही असे दाखवले. पाखराला चाहूल लागू नये तसे.

जेवण झाल्यावर विचारले, "चहा आहे का थोडा?"

ता. १५ एप्रिल, सोमवार

उपवास.

चंद्राबाईने आज जे सांगितले ते लिहू की नको असे झाले आहे.

काल पहारा सोडल्यावर पारावर मंडळी बसली होती. कुणीतरी यांना सहज विचारले, "पंत, रजा किती राह्यली?" यांनी उपरण्याने घाम पुसला आणि म्हणाले, "रजा कसली? नोकरी गेली माझी. दीड महिना झाला."

"मग?" मी विचारले. दुधाचे भांडे माझ्या हातात तसेच.

"मग काय? मामंजी म्हनलं, त्ये ठावं हाय की! कचेरीला येवढं दांडगं कुलूप लागलंय, आमाला दिसत न्हाई व्हय? आन् म्हनलं, पंत, आता खरं बोललायसा तर सकाळचा बी पहारा घ्या. समदी हसली बगा. पंत बी लय हसलं."

हे हसले. ते मला दूधवालीकडून कळावे.

आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्यामागून दुसरेच आले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते. आप्पासोंना, मनूताईंना, हौदावरच्या बायकांना. मी "रजेवर" म्हणत होते आणि त्या "बरं, बरं" म्हणत होत्या. कुलूप भर रस्त्यावर, आणि मी हौदावर रजा सांगत बसले.

संध्याकाळी कीर्तनाला गेले नाही. उपवासाने गळून गेले म्हटले.

ता. १७ एप्रिल, बुधवार

काला झाला. आज डोके दुखते म्हटले.

यांनी द्रोणातून दहीलाह्या आणल्या. म्हणाले, सगळ्या बायका विचारत होत्या. मी म्हटले, काय विचारत होत्या?

"तू का नाही आलीस, ते. दुसरं काय विचारतील?"

ता. २० एप्रिल, शनिवार

उमाचे दुसरे कार्ड. पहिले पोचले नाही का? रागावलीस का? मी वैशाख पंचमीनंतर निघेन म्हणते.

दुपारी हे पारावर गेल्यावर उत्तर लिहिले. "हौदाला कासच्या तळ्याचे पाणी नीट येत नाही, पाहुण्यांचे हाल होतील, पावसाळा संपल्यावर ये." लिहीत असताना हौदावरून घागरी भरल्याचा आवाज येत होता.

तशीच उठून पेटीत टाकून आले. कार्ड तीन पैसे. खोटे बोलायलाही तीन पैसे पडले. सप्ताहात नामाला गेले नाही, आणि हे केले.

हौदावर हल्ली मी भर उन्हाची जाते. तेव्हा कुणी नसते.

ता. २३ एप्रिल, मंगळवार

आले : भुईमुगाच्या शेंगा, वांगी, एक नारळ. खर्च काही नाही.

सप्ताह संपला तरी दुपारचे जाणे सुटलेले नाही. लढाईवरून आलेल्या पोरांचे अर्ज लिहून देतात — कुणाचे राहिलेले पैसे, कुणाची जखमेची पेन्शन. जोतीराम खेड्यांतून एकेकाला धरून आणतो. पैसे घेत नाहीत, म्हणून ही वांगी. सकाळी स्वतःच्या नोकरीच्या अर्जाला उत्तर आले होते — जागा नाही. वाचून दुमडले, खिशात घातले, आणि पावणेबाराला उठून गेले. महिन्यामागे हेच उत्तर आले असते तर चार दिवस खोलीतून बाहेर आले नसते.

संध्याकाळी विचारले, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू कधी करायचं?"

"यंदा नको."

"कैऱ्या तात्याबा देतो म्हणालाय. गूळ आहे. मूठभर हरभऱ्याची डाळ काही आपल्याला जड नाही."

"खर्चाचं नाही म्हणत मी."

यांनी शेंगांची टोपली पुढे ओढली. मग म्हणाले, "उमा येणार होती ना?"

"पाणी नीट येत नाही म्हणून कळवलं."

यांनी खिडकीतून हौदाकडे पाहिले. काठोकाठ भरला होता, चंद्राबाईची म्हैस त्याच्या ओघळात उभी होती. आणि हसू लागले. पारावरचे ते जुने हसणे, घरात किती दिवसांनी. मला राग आला. रागाने की कशाने, डोळे भरले.

ते पाहून थांबले. शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी रोज दोन तास उभा राहत होतो, तरी पाय दुखले. तू फेब्रुवारीपासून उभी आहेस. कुणाच्या गळ्यात घालशील की नाही?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीत फुंकर घातली. चूल पेटलेलीच होती.

ता. २६ एप्रिल, शुक्रवार

हळदीकुंकू झाले.

गौर पितळेच्या पाळण्यात मांडली. सजावट साधीच, शेंगांचा आणि कैऱ्यांचा घोस केला. डाळ यांनी वाटून दिली. हे कुठे सांगू नये म्हणाले. सांगत नाही, लिहिते.

कुणी येणार नाही असे चारपर्यंत वाटत होते. पाण्याच्या घंगाळात वाळा घातला, काढला, पुन्हा घातला. मग चंद्राबाई नवे लुगडे नेसून आली. "म्या पयली का? मग मला जास्ती डाळ." तिच्यामागून मनूताई, आणि मग पेठेतल्या बायकांची रीघच.

मनूताईंच्या हाताला हळद लावताना मी म्हटले, "रजा नव्हती ती."

"माहीत होतं हो." माझा हात त्यांनी सोडला नाही. "पण तुम्ही रजा म्हणालात, मग आम्ही कोणत्या तोंडानं चौकशी करायची? चौकशी केली की तुम्हाला खोटं पाडल्यासारखं होणार. मी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडची नोकरीही जूनपर्यंतच आहे म्हणतात. अजून कुणाला बोलले नाही."

मी त्यांच्या ओटीत एक मूठ हरभरे जास्त घातले. दुसरे काय देणार? उद्यापासून दोघींनी सकाळीच, सगळ्यांबरोबर, हौदावर जायचे ठरले.

डाळ एकदम संपली. यांना चाखायलाही उरली नाही.

उद्या उमाला खरे लिहायचे. कार्ड आणून ठेवले आहे.

ता. २९ एप्रिल, सोमवार

आले : उमाचे कार्ड. मी लिहायच्या आतच.

"हौद कोरडा असेल तर मी सांगलीहून कळशी भरून आणते. वेडे, दादाने मला होळीलाच सगळे कळवले होते. म्हणून तर येते म्हणाले."

तेवढेच. खाली जागा कोरी.

लगेच बसून लिहिले, हे शेजारी उभे असताना :

सौ. उमास सप्रेम नमस्कार. पाणी भरपूर आहे. नोकरी अजून नाही. यवतेश्वराला जाऊ. कळशी आणू नकोस, तू ये. कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने, ते उलट टपाली कळव.